हौश्यासाठी लावलेली अँटेना

भंगारवाला दारात आला की त्याची नजर आधी आमच्या कपाटावर जाते. तिथं दोन मिशांची अँटेना पडून हाय. एक मिशी वाकडी, खालचा डबा चिरलेला. दर खेपेला म्हणतो, मावशी, टीव्हीचा टॉवरच बंद झालाय, आता हिचं काय लोणचं घालणार? मीबी दर खेपेला सांगते, फुटकी बादली ने, जुनी कढई ने, पण तिला हात लावलास तर तराजूसकट हाकलून देईन. परवा त्यानं कारण विचारलं. दारात उभं राहून सांगायची गोष्ट न्हाई ती. तुम्ही बसलाच हाव तर सांगते.

आमच्या मालकांचं नाव मडिवाळप्पा. मी ते नाव घेत न्हाई, तुमच्यासाठी एकडाव घेतलं. देवणीपासून थोडं आत आमचं गाव, कर्नाटकाची शीव हाकेवर. घरात कन्नड आन मराठी दोन्ही चालतं, भांडण तेवढं मराठीत. पोरगा राजशेखर लातूरला डाळ मिलमध्ये कामाला. घरात आम्ही दोघं, आन गोठ्यात हौश्या.

हौश्या म्हणजे आमचा वळू. देवणी जातीचा, त्यातबी वानेरा. वानेऱ्याचं अंग पांढरंशुभ्र असतंय आन तोंडाला दोन्ही बाजूंनी काळं. हौश्याचं काळं मात्र सारखं नव्हतं. डाव्या अंगाला डोळ्यापुरतं, आन उजव्या अंगाला पार गालावर उतरलेलं, रडल्यावर काजळ ओघळावं तसं. आमच्याकडचा माणूस पाव्हण्याचं नाव विसरंल, पण बैलाचा डाग कुठल्या अंगाला होता ते मरेपर्यंत विसरणार न्हाई. बाजारात ओळख धरायची ती डागावरूनच.

हा हौश्या दूध पिता होता तवाच त्याच्या मायला पान लागलं. साप डसला की आम्ही असंच म्हणतो, सापाचं नाव घेत न्हाई. गाय सकाळपर्यंत गेली. वासरू नुसतं गोठ्याच्या भिंतीला तोंड लावून उभं. मालक म्हणले, हे जगत न्हाई, खामखा जीव लावू नको. मी कुणाचं ऐकते? शेळीचं दूध तांब्यात घ्यायची, त्यात बोट बुडवायची आन त्याच्या तोंडात द्यायची. आधी बोट चोखलं, मग बोटाबरोबर तांब्यात तोंड घातलं. बोटाची सालटं निघाली, भाकरी थापताना डोळ्यात पाणी यायचं. पण जगलं.

जगलं आन असं वाढलं की भोकर, धर्माबादेकडनं माणसं टेम्पोत गाया घालून आणायला लागली. जनावरांच्या प्रदर्शनात हौश्याचा पहिला नंबर आला तवा पंचांनी मालकांना फेटा बांधला, पेपरात फोटो आला. फोटोत हौश्या, फेटा आन मालकांच्या मिशा. मी कुठं? मी घरी पेंड कालवत होते. तवापासून माझं एकच पालुपद, बैल वाढवला मी आन फेटा बांधला ह्यांनी. इतक्यांदा म्हणले असंन की शेजारची शिवम्माक्का, मी 'बैल वाढवला मी' म्हणलं की पुढलं तीच पुरं करायची. मालक मिशीतल्या मिशीत हसायचे. पण इतक्या वर्षांत एकदा तरी, हाव गं, तूच वाढवलास, असा शब्द तोंडातून निघाला असंल तर शपथ.

मग एकदा टीव्हीवाले आले. दूरदर्शनवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम असतोय संध्याकाळी, त्याचे. देवणी जनावरांवर काहीतरी करायचं म्हणून गावोगाव फिरून राहिले होते, त्यांना कुणीतरी आमचं रान दाखवलं. नेमकं तवाच मी भालकीला भाचीच्या लग्नात. परत आले तर गावभर तीच बोंब, मडिवाळप्पा टीव्हीत येणार. मी विचारलं, काय बोललाव तिथं? तर म्हणे, काय बोलायचं, चारा काय घालता विचारलं, सांगितलं. ह्या माणसाच्या तोंडातून बातमी काढणं म्हणजे कोरड्या हिरीतनं पाणी शेंदणं.

कार्यक्रम कवा दाखवतील ते काही ठरलं न्हाई. तेवढ्यात वैशाख आला. त्या दिवशी ऊन असं की पायात चप्पल असून पाय भाजावेत. मालकांनी हौश्याला बांधावरच्या कडूलिंबाखाली, सावलीत बांधलं आन ते जेवायला घरी आले. ताटावर बसले आन आभाळ भरून आलं. पाऊस न्हाई, वारं न्हाई, एकच वीज पडली. घर हाललं. मालक ताट तसंच टाकून पळाले. मी मागनं पोचले तवा लिंब उभा चिरला होता आन हौश्या त्याच्या बुडाशी झोपल्यागत पडला होता. त्याच बांधाला खड्डा काढला, कपाळाला विभूती लावली आन पुरला.

गावातले बाप्ये रडले. शिवम्माक्का तर छाती बडवून रडली. मालक रडले न्हाईत. त्या दिवसापासून बोलायचेच थांबले. म्हणजे मुके झाले असं न्हाई. हाव, न्हाई, वाढ, बास, एवढं बोलायचे. गोठ्यात खुंटीला हौश्याचं दावं अडकवलेलं होतं, ते काढून ठेवू का विचारलं तर उठून बाहेर गेले. रात्री कूस बदलल्याचं ऐकू यायचं, उसासा ऐकू यायचा न्हाई. मला हौश्याचं दुःख होतंच, का नसंल, पण आता ह्या माणसाची फिकर लागली. बैल गेला तो गेला, त्याच्या मागं हा माणूसबी आतल्या आत चालला होता, आन माझ्या हातात काही नव्हतं.

असं करत श्रावण लागला. एक दिवस राजशेखरचा फोन आला. टीव्हीवाल्या बाईनं त्याला कळवलं होतं, पोळा तोंडावर हाय म्हणून देवणीचा कार्यक्रम येत्या बुधवारी संध्याकाळी लावायलेत. राजशेखर म्हणला, अव्वा, अप्पांना सांगू का नको? मी म्हणले, सांगू नको, दाखवायचं. माझ्या मनानं तवाच घेतलं होतं. भिंतीवर लावलेला पेपरातला फोटो म्हणजे उभा बैल. हौश्याला चालताना एकदा बघितलं, वशिंड हालताना बघितलं, तर ह्यांच्या आतलं जे गोठलंय ते फुटंल. रडतील. रडले म्हणजे बोलतील.

पण दाखवायचं कुठं? आमचा टीव्ही जुना, डब्याचा. पत्र्यावरची डिशची छत्री वानरांनी झोके घेऊन घेऊन मोडली होती, तवापासून टीव्हीवर फडकं आन फडक्यावर पिठाचा डबा. शिवम्माक्काकडं छत्री हाय, ती कवाबी या म्हणते. पण दुसऱ्याच्या ओसरीवर, चार माणसांत बसून ह्यांच्या डोळ्यातनं टिपूस आलं असतं का? उलट मिशा ताठ करून बसले असते. टीव्हीवाले मोबाईलवर पुढंमागं येईल म्हणत होते, तर आमच्या गावात रेंज देवळाच्या पायरीवर. मी राजशेखरला सांगितलं, काहीबी कर, आपल्या घरात आपल्या टीव्हीवर दिसलं पाहिजे, आन वानरांच्या हाताला लागणार न्हाई असं पाहिजे.

शनिवारी तो लातूरहून ही अँटेना घेऊन आला. घरातल्या घरात ठेवायची, वरनं फुकट येतंय ते धरायची. खाली डबा, डब्याला ओढून लांब करायच्या दोन मिशा, आन मागनं चपटी वायर. टॉवर तवा चालू होता, गावात कुणी बघत नसलं तरी त्याचं येणं चालूच होतं. मी पिठाचा डबा उचलला, फडकं काढलं, टीव्ही पुसला. मालक ओसरीवर पाठ करून बसलेले. मी नको म्हणले होते तरी राजशेखरनं त्यांना सांगून टाकलं, अप्पा, बुधवारी हौश्या दाखवणार हायत. हे उठले आन रानाकडं गेले. मी म्हणले, घ्या, जेवढं होतं तेवढंबी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माय-लेकरं त्या अँटेनेच्या मागं. टीव्ही लावला की नुसत्या मुंग्या आन खरखर. कपाटावर ठेवली, मुंग्या. खिडकीत ठेवली, मुंग्या. ज्वारीच्या कणगीवर ठेवली, तर मुंग्यांत कुणाचं तरी डोकं हालल्यागत झालं आन गेलं. राजशेखर मिशा आडव्या करी, उभ्या करी, एक आडवी एक उभी करी. मी टीव्हीपुढं बसून ओरडायची, आलं, गेलं, आलं, गेलं. जात्यावरच्या ओव्या परवडल्या, असा ताल. तवा दारातनं आवाज आला.

"मावळतीकडं तोंड कर तिचं. गावातल्या सगळ्या अँटेना तिकडंच बघायच्या."

मालक. रानातनं कवा आले कळलं न्हाई. इतक्या महिन्यांत एवढं लांब वाक्य ह्यांच्या तोंडातनं मी ऐकलं नव्हतं. राजशेखरनं माझ्याकडं बघितलं, मी त्याला डोळ्यानंच गप केलं. जखमेवरची खपली आपण होऊन सुटते, तिला बोट लावायचं नसतंय.

मावळतीकडं तोंड केलं तर चित्राची सावली दिसायला लागली. पण डबा हलका, आन वायरीच्या ताणानं सारखा उलथायचा. मी वैतागून मागनं भाकरीची परात टेकून उभी केली, पडायचं तर तिच्यावर पड म्हणून. आन काय नवल, परात लावली तसं चित्र उजळलं. बाई दिसायला लागली, बाईच्या साडीचा रंग दिसायला लागला. मी म्हणले, ह्या घरात जे काय उभं राहतंय ते माझ्या परातीच्या आधारानंच. राजशेखर हसला. मालक हसले न्हाईत, पण दारातनं आत आले.

तरी चित्र मधूनच फाटायचं. एक मिशी ढिली, ती खाली कलली, मालकांनी वाकून ती धरली. आन बघा, त्यांनी हात लावला तसा टीव्ही असा लख्ख झाला की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कानातलं दिसलं. राजशेखर म्हणला, अप्पा, हलू नका. हात सोडला, मुंग्या. हात लावला, लख्ख. मग राजशेखरनं धरून बघितलं, तर अर्धंमुर्धं. मी धरलं तर बाई पार मुंग्यांत बुडाली. टीव्हीसुद्धा ह्यांनाच ओळखतोय, मला काडीची किंमत देत न्हाई, असं मी बोलून घेतलं.

आता पंचाईत कळली का? जो मिशी धरणार तो टीव्हीच्या मागं उभा. वायर आखूड. लांब वायर जोडली तर पुन्हा मुंग्या. ज्याला हौश्या दाखवायचा तोच टीव्हीच्या पाठीशी. माणसाच्या बदल्यात काय चालंल ते आम्ही दिवसभर बघितलं. मिशीला तांब्याचा हंडा पाणी भरून टेकवला, ओला टॉवेल गुंडाळला, हौश्याच्या गळ्यातली साखळी अडकवली. कशानंबी ते लख्खपण आलं न्हाई. सोमवारी पहाटेच्या गाडीनं राजशेखर कामावर गेला. जाताना म्हणला, अव्वा, तू बघ आन अप्पांना सांगत जा, आता हौश्या इकडं वळला, आता तिकडं वळला. मी हाव म्हणले, पण मनाला पटलं न्हाई. सांगून का रडू येतंय कुणाला?

मंगळवारी केस विंचरत कपाटापुढं उभी होते. लोखंडी कपाट, राजशेखरच्या आजोळनं आलेलं, एका दाराला उभा आरसा. आरशात बघते तर माझ्या मागं खाटेवर बसलेले मालक. मी त्यांच्याकडं पाठ करून, आन त्यांचं तोंड मला दिसायलंय. कंगवा तसाच केसात. कपाट टीव्हीच्या बरोबर समोर होतं. मी ह्यांना हाताला धरून उठवलं, टीव्हीच्या मागं उभं केलं, मिशी हातात दिली आन कपाटाचं दार हळूहळू उघडत गेले.

"दिसायलंय," मालक म्हणले. मग थांबून म्हणले, "अक्षरं उलटी हायत."

मी म्हणले, आपल्याला काय अक्षरं वाचायची न्हाईत, बैल बघायचाय. दाराखाली पाट सारून ते तिथंच अडकवलं आन रात्रीचं कपाट उघडंच ठेवलं. चोर आला तर आरशात स्वतःला बघून जाईल म्हणले.

बुधवारी मी काहीच बोलले न्हाई. पण दिवस कलायला लागला तसं ह्यांनी न सांगता पाणी तापवलं, अंघोळ केली, लिंगपूजा केली, कपाळाला विभूती ओढली. पेटीतला पांढरा सदरा काढला, जो बाजाराला हौश्याला घेऊन जाताना घालायचे तो. मला भरून आलं. मी चुलीत तोंड घालून धुराचं निमित्त केलं. कार्यक्रमाला वेळ होता तरी हे जाऊन टीव्हीमागं उभे राहिले, मिशी धरून, परातीला गुडघा लावून. लाईट जाऊ नये म्हणून मी बसवण्णाला नारळ बोलले.

कार्यक्रम लागला. आधी पावसाचं सांगितलं, मग बाजारभाव. मग एक बाई म्हणली, आता बघूया देवणीचं पशुधन. पडद्यावर आमचं रान आलं. बांध आला. लिंब आला, हिरवागार, न चिरलेला. आन लिंबामागनं हौश्या निघाला.

काय सांगू तुम्हाला. तोच. मान हालवत, गळ्याची पोळी झुलवत, पाय असा टाकत की जमिनीनं वाट बघावी. मालकांच्या हातात दोरी होती, पण ढिलीच. मी पदराचा बोळा तोंडात घातला. मला वाटलं, आता मागनं हुंदका येईल. मी कान देऊन बसले. हुंदका आला न्हाई. मागनं आवाज आला, कोरडाठाक.

"हे हौश्या न्हाई."

मला कळंना. मी म्हणले, अवो, काय बोलायलाव? तर ह्यांचा आवाज चढला. उजवं काळं डाव्या अंगाला हाय, हे आपलं जनावर न्हाई, कुणाचा तरी दुसरा बैल आपल्या रानात उभा करून दाखवायलेत, मेलेल्याची चेष्टा करायलेत. आन त्याच टायमाला टीव्हीत बैल बाजूला झाला आन मालकांचं तोंड आलं. फेटा बांधलेलं. टीव्हीतली बाई विचारत होती, मामा, असा बैल कसा घडवला? टीव्हीतले मालक खाली बघून हसले आन म्हणले, "ह्याला मी न्हाई वाढवला, बाई. ह्याला वाढवलं ते—"

तेवढ्यात घरातल्या मालकांनी मिशी सोडली. रागारागानं टीव्हीच्या पुढं आले, टीव्हीवाल्यांचं पितळ उघडं पाडायला. पडद्यावर मुंग्या.

"अवो, आरशात बघायलाव तुम्ही," मी म्हणले. "आरशात उजवं डावं होतंय."

जन्मभर आरशात बघून दाढी केलेला माणूस. आदल्या दिवशी अक्षरं उलटी हायत म्हणून मलाच सांगणारा. पण बैलाचा डाग बघितला की आमच्या माणसांची अक्कल डागापाशीच थांबते, पुढं आरसा हाय का पाणी हाय ते बघत न्हाई. हे आधी कपाटाकडं बघत राहिले, मग मुंग्यांकडं. मग जे पळाले मागं, परात लाथेनं उडाली, अँटेना खाली आपटली, डबा चिरला, मिशी वाकली. ह्यांनी ती उचलली, मी परात लावली, चित्र आलं. सोयाबीनवर फवारणी करणारा कुणीतरी माणूस आला. हौश्या येऊन गेला होता.

मी मटकन खाली बसले. दुसरा दिवस असता तर ह्यांचं सात पिढ्यांचं काढलं असतं. पण माझ्या कानात ते अर्धं वाक्य अडकलं होतं. टीव्हीतला माणूस सगळ्या महाराष्ट्राला काहीतरी सांगायला निघाला होता आन घरातल्या माणसानं त्याचं तोंड दाबलं होतं. मी विचारलं, पुढं काय म्हणला होताव? वाढवलं ते कुणी?

सोयाबीनवाला माणूस औषधाचं माप सांगून राहिला. मी म्हणले, मला ऐकायचंय. मी तवा भालकीला होते. बैल तर गेला, आता आपल्या हातात न्हाई, पण ते बोलणं तुमच्या हातात हाय. हे म्हणले, काय की, ध्यानात न्हाई. मी उठले न्हाई. म्हणले, न उठायला माझं काय जातंय, चूल थांबंल.

ह्यांनी पंचाच्या पुढं उभं राहिल्यागत सदरा खाली ओढला. मिशी हातातच होती, ती सोडली न्हाई. माझ्याकडं सरळ बघितलं न्हाई, समोर कपाटाच्या आरशात बघितलं. मी आरशात बघितलं तर तिथं ह्यांचे डोळे मला दिसले.

"ह्याला वाढवलं ते आमच्या नीलम्मानं," मालक म्हणले. "माय मेली तवा मी म्हणलो हे जगत न्हाई. हिनं बोट चोखायला देऊन जगवला. बोटाची सालटं निघाली, पण हिनं मला दाखवली न्हाईत. फेटा हिचा हाय. मी नुसता दोरी धरणारा."

लग्न झाल्यापासून ह्यांनी माझं नाव घेतलेलं मला ठाऊक न्हाई. अगं, आन राजशेखरची अव्वा, ह्याच्यापलीकडं मला नाव नव्हतं. आन हे तिकडं रानात, परक्या बाईपुढं, कॅमेऱ्यापुढं नाव घेऊन बसले होते आन घरी येऊन म्हणत होते, चारा काय घालता विचारलं. मला रडू फुटलं. मी रडायले, आन राग यायलाय, आन हसू यायलंय, काय होतंय ते मलाच कळंना. मी म्हणले, हे मला सांगायला काय धाड भरली होती?

तर मालक बोलायचे थांबलेच न्हाईत. आवाज बारीक झाला.

"तू वाढवलास, आन मी बांधला गं. मीच बांधला लिंबाखाली. ताटावर नसतो बसलो तर सोडला असता. तुला काय तोंड दाखवू म्हणून बोलायचो न्हाई मी."

असं होतं तर ते. इतके महिने मी समजत होते, ह्यांना बैलाचं दुःख हाय. बैलाचं होतंच, पण त्याहून मोठं, माझं भ्या होतं. माझा बैल ह्यांच्या हातनं गेला असं धरून हा माणूस माझ्यापुढं तोंड मिटून बसला होता. आन मी येडी, ह्यांना टीव्ही दाखवायला निघाले होते.

मी उठले, टीव्हीच्या मागं गेले. म्हणले, "सावली बघून बांधलात. उन्हात बांधला असतात तर मीच घरभर भांडले असते. वीज काय तुम्हाला विचारून आली?"

मग ते रडले. उभ्या उभ्या, मिशी हातात धरून, लहान लेकरागत हुंदके देऊन रडले. मी दुसरी मिशी धरली, ती वाकडी झालेली, कारण हाताला काहीतरी धरायला पाहिजे होतं. असे दोघं टीव्हीच्या मागं उभे राहून रडलो. आरशात नजर गेली तर टीव्हीवर सोयाबीनचं पान न् पान मोजता येईल इतकं लख्ख चित्र आलं होतं, आन बघायला पुढं कुणीच नव्हतं.

शिवम्माक्का पळत आली, तिच्याकडं सगळं दिसलं होतं. दारातनंच ओरडली, अगं नीलम्मा, मडिवाळप्पा टीव्हीत काय म्हणले ऐकलंस का? मी पदरानं तोंड पुसलं आन म्हणले, ऐकलं, तुझ्या आधी ऐकलं. मालकांनी घसा खाकरला आन मला विचारलं, जेवायला काय केलंय? मी म्हणले, काही न्हाई, चूल विझलीय. तर गोठ्यात जाऊन ह्यांनी जळण आणलं, आन येताना खुंटीवरचं दावं काढून आणलं आन आत पेटीत ठेवायला माझ्याकडं दिलं.